वाहनाचा आरसा, नाकाबंदी आणि परवानाधारक शस्त्राची वाहतूक : नांदुरा परिसराच्या संदर्भात एक विधिविषयक अभ्यास

गोषवारा

वाहनाच्या आरशासंबंधीचे नियम मोटार वाहन कायद्यात येतात, तर वाहनातून नेल्या जाणाऱ्या शस्त्रासंबंधीचे नियम शस्त्र कायद्यात येतात. या दोन्ही कायद्यांची गाठ प्रत्यक्षात एकाच ठिकाणी पडते, ते ठिकाण म्हणजे नाकाबंदी. एखाद्या किरकोळ त्रुटीसाठी थांबविलेल्या वाहनात शस्त्र आढळल्यास नागरिकाचे हक्क, पोलिसांचे अधिकार आणि दोघांचीही सुरक्षितता असे तिन्ही प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. प्रस्तुत लेखात या दोन कायद्यांतील तरतुदींची सांगड घातली आहे. कायदेशीरपणे शस्त्र बाळगणाऱ्याचे खरे संरक्षण वाहनाचा निर्दोषपणा, कागदपत्रांची पूर्तता आणि उघडपणा यांतच आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मोटार वाहन अधिनियम १९८८, शस्त्र अधिनियम १९५९, नाकाबंदी, जाणीवपूर्वक ताबा, परवाना.

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा हे तालुक्याचे ठिकाण मुंबई–हावडा लोहमार्गावर वसलेले असून पूर्वी सहा क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा व आता त्रेपन्न क्रमांक मिळालेला राष्ट्रीय महामार्गही येथूनच जातो. महामार्गालगतच्या १०५ फूट उंच हनुमान मूर्तीमुळे हे गाव प्रवाशांच्या परिचयाचे आहे. पश्चिमेस मलकापूर, पूर्वेस खामगाव व शेगाव, तर उत्तरेस जळगाव जामोद तालुका आणि त्यापलीकडे सातपुड्याच्या रांगांतून जाणारी मध्य प्रदेशची सीमा, असा हा परिसर आहे. परप्रांतीय मालमोटारी, शेगावला जाणारे भाविक, कापूस व कुटार वाहणारे ट्रॅक्टर आणि असंख्य दुचाकी या एकाच रस्त्याचा वापर करतात. सातपुड्याच्या पलीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्यांविरुद्ध दोन्ही राज्यांच्या पोलिसांना वेळोवेळी कारवाई करावी लागते. त्यामुळे या भागात सण, यात्रा व निवडणुकांच्या काळात होणारी नाकाबंदी हा नित्याच्या जीवनाचाच एक भाग झाला आहे.

दुसरीकडे याच भागात पीकसंरक्षणासाठी वा आत्मसंरक्षणासाठी परवाना घेतलेले शेतकरी व व्यापारी, बँकांच्या रोकड वाहनांवरील बंदूकधारी रक्षक, माजी सैनिक आणि नेमबाजीचे खेळाडूही आहेत. त्यांना शस्त्र घेऊन प्रवास करावाच लागतो. अशा वेळी ‘वाटेत पोलिसांनी अडवू नये यासाठी काय करावे?’ असा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नाचे दोन अर्थ संभवतात. पोलिसांची नजर कशी चुकवावी हा एक अर्थ, तर अडविण्याचे कारणच कसे उरू देऊ नये हा दुसरा. कायद्याने या दोहोंना अगदी भिन्न उत्तरे दिली आहेत. ती स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

आरसा, काच व क्रमांकपट्टी यांसंबंधीच्या नियमांचे प्रयोजन समजून घेणे, वाहन थांबविण्याच्या व झडतीच्या अधिकारांतील भेद स्पष्ट करणे आणि प्रामाणिक परवानाधारकाकडून नकळत घडणाऱ्या उल्लंघनांची कारणे शोधणे, ही या अभ्यासाची उद्दिष्टे आहेत. अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून अधिनियम, नियम व न्यायनिर्णय हा त्याचा आधार आहे.

१. आरशाचा नियम आणि त्यामागील तत्त्व

मोटार वाहन अधिनियम, १९८८ व त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार वाहनाला मागील रस्ता दाखविणारा आरसा असणे आवश्यक आहे. आरशाची रचना आणि तो वाहनावर बसविण्याची पद्धत यांसाठी एआयएस–००१ व एआयएस–००२ ही मानके आहेत. बाजूचे आरसे बहुधा बहिर्गोल असतात. बहिर्गोल आरशात प्रतिमा लहान दिसते, परंतु दृष्टिक्षेत्र विस्तृत होते. परिणामी मागून येणारे वाहन प्रत्यक्षात असते त्याहून दूर भासते. आरशात न दिसणारा एक भाग वाहनाच्या दोन्ही बाजूंस उरतोच. म्हणूनच मार्गिका बदलताना आरशासोबत मान वळवून पाहणेही आवश्यक ठरते.

नांदुरा परिसरात या नियमाची उपेक्षा तीन प्रकारे आढळते. दुचाकीचे आरसे ‘शोभा जाते’ म्हणून काढून टाकले जातात किंवा आतल्या बाजूस वळवून ठेवले जातात. कापूस वा कुटार वाहणाऱ्या वाहनांत माल दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आलेला असतो की, आरसा असूनही चालकास मागचे काहीच दिसत नाही. चारचाकीत आतल्या आरशाला माळा, तसबिरी, खेळणी अशा वस्तू लटकविल्या जातात आणि त्या समोरच्या काचेतील दृश्यही अंशतः झाकतात. वाहन चालविण्याविषयीच्या २०१७ च्या विनियमांचा रोख असा की, आपली दृष्टी अबाधित राखण्याची जबाबदारी स्वतः चालकाचीच आहे.

आरसा चालकाला बाहेरचे दाखवितो, तर पारदर्शक काच बाहेरच्यालाही आतले दाखविते. नियम १०० नुसार समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जाणे आवश्यक आहे. अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवरील काळ्या फिल्मला मनाई केली. काळ्या काचांआड घडणारे गुन्हे हा त्या याचिकेतील एक प्रमुख मुद्दा होता. पुढे १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या सुधारणेने ठरावीक मानकांच्या सुरक्षा-काचेला वाव दिला असला, तरी प्रकाशाच्या टक्केवारीची अट कायम आहे.

या त्रुटींसाठीचा दंड तुलनेने किरकोळ आहे. ज्या उल्लंघनासाठी स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाही, त्यास अधिनियमाचे कलम १७७ लागू होते. त्यानुसार पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत व पुढील प्रत्येक वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु आरशाअभावी वाहन थांबविले गेले की वाहनातील व्यक्ती आणि वस्तू पोलिसांच्या दृष्टिपथात येतात. यातूनच आरशाचा नियम आणि शस्त्राचा कायदा यांचा संबंध जोडला जातो.

२. थांबविण्याचा अधिकार आणि झडतीचा अधिकार

हे दोन अधिकार एकच आहेत असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः त्यांचे उगम वेगळे आहेत. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३० नुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास चालकाने अनुज्ञप्ती दाखविणे बंधनकारक आहे. नोंदणी, विमा इत्यादी कागदपत्रेही मागता येतात. २०१८ च्या सुधारणेपासून ही कागदपत्रे डिजिलॉकरसारख्या माध्यमातून इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखविता येतात. मात्र या अधिकारात वाहनातील सामानाची सरसकट झडती अभिप्रेत नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ ची व्याप्ती याहून बरीच अधिक आहे. कलम १९ नुसार शस्त्र वा दारूगोळा बाळगणाऱ्या व्यक्तीकडे कोणताही पोलीस अधिकारी परवान्याची मागणी करू शकतो. परवाना न दाखविल्यास शस्त्र जप्त होऊ शकते. कलम २३ नुसार अधिनियमाचे उल्लंघन होत आहे किंवा होण्याचा संभव आहे काय, याची खातरजमा करण्यासाठी कोणताही पोलीस अधिकारी वाहन थांबवून त्याची झडती घेऊ शकतो आणि शस्त्रासह वाहनही जप्त करू शकतो. कलम २० तर आणखी पुढे जाते. परवाना असो वा नसो, शस्त्र बेकायदा हेतूने नेले जात असल्याचा रास्त संशय येईल अशा रीतीने कोणी ते नेत असेल, तर त्यास अधिपत्राशिवाय अटक करता येते. दोषसिद्धीनंतर कलम ३२ नुसार वाहन सरकारजमाही होऊ शकते.

अर्थात हे अधिकार अनिर्बंध नाहीत. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण करणे आवश्यक झाले आहे. हे चित्रण नागरिकाइतकेच प्रामाणिक अधिकाऱ्याचेही संरक्षण करते. ‘झडती कोणत्या कायद्याखाली घेतली जात आहे?’ असे नम्रपणे विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे. परंतु रस्त्यावर प्रतिकार करणे हा त्यावरील उपाय नव्हे. झडतीतील दोषामुळे पुरावा आपोआप बाद होत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल खटल्यात १९७३ मध्येच मांडले आहे. त्यामुळे अयोग्य झडतीविरुद्धची दाद न्यायालयात वा वरिष्ठांकडे मागणेच इष्ट ठरते.

३. लपविणे हाच स्वतंत्र गुन्हा

पोलिसांची नजर चुकविण्याच्या विचाराला कायद्याने दिलेले उत्तर कलम २६ मध्ये आहे. विनापरवाना शस्त्र बाळगणे हा गुन्हा आहेच. २०१९ च्या सुधारणेनंतर कलम २५ (१ब) खाली त्यासाठी किमान दोन व कमाल पाच वर्षांची शिक्षा सांगितली आहे. परंतु हेच कृत्य लोकसेवकाला किंवा रेल्वे, वाहन आदींवर काम करणाऱ्याला कळू नये अशा हेतूने केले असल्यास कलम २६ लागू होते आणि शिक्षेची कमाल मर्यादा सात वर्षांवर जाते. कलम २२ खालील झडतीच्या वेळी शस्त्र दडविण्याचा प्रयत्न केल्यास ती दहा वर्षांपर्यंत जाते. थोडक्यात, लपविण्याच्या युक्तीने शिक्षेचा धोका कमी होत नाही, उलट वाढतो.

येथे ‘लपविणे’ आणि ‘झाकून नेणे’ यांतील फरक ध्यानात घ्यावयास हवा. परवानाधारकाने बंदूक तिच्या पिशवीत वा पेटीत, काडतुसे काढून नेणे म्हणजे लपविणे नव्हे. सार्वजनिक ठिकाणी शस्त्राचे प्रदर्शन होऊ नये, हाच शस्त्र नियम, २०१६ यांचाही रोख आहे. निर्णायक बाब आहे ती हेतूची. विचारणा होताच शस्त्र असल्याचे सांगणारा आणि परवाना पुढे करणारा मनुष्य कलम २६ च्या कक्षेत येत नाही.

४. महाराष्ट्राच्या अनुभवातील दोन रात्री

वाहन थांबविण्याच्या अधिकाराचे मोल महाराष्ट्राने दोन प्रसंगी अनुभवले आहे. १९९३ च्या जानेवारीत रायगड जिल्ह्यात दिघी येथे उतरविलेला तस्करीचा माल व शस्त्रे घेऊन निघालेली वाहने गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडविली आणि लाचेच्या बोलीवर सोडून दिली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जणांचे प्राण गेले. संबंधित पोलीस कर्मचाऱ्यांना न्यायालयाने दोषी ठरविले आणि या खटल्यातील अपिलांवर सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी निकाल दिला. थांबविण्याचा अधिकार तेथे वापरला गेला, पण विकलाही गेला.

दुसरा प्रसंग २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्रीनंतरचा, गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीचा. पळविलेल्या मोटारीतून येणाऱ्या दोन दहशतवाद्यांविषयी बिनतारी संदेश मिळाल्याने तेथे अडथळे उभारले होते. मोटार थांबविताच चालविणाऱ्याने दिवे प्रखर केले आणि समोरच्या काचेवर पाण्याचा फवारा सोडून वायपर चालू केले. आतले काही दिसू नये हाच त्यामागील हेतू होता. सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी दुसऱ्या दहशतवाद्याच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली. त्यांना वीरमरण आले, परंतु तो दहशतवादी जिवंत पकडला गेला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्राने गौरविण्यात आले.

नाकाबंदीवरील शिपाई काचेआड पाहण्याचा आग्रह का धरतो आणि चालकाने आतला दिवा लावून दोन्ही हात दिसतील असे का ठेवावेत, हे या प्रसंगाच्या प्रकाशात स्पष्ट होते. वाहनाकडे पायी जाणाऱ्या त्या शिपायाला आत कोण आहे याची कल्पना नसते.

५. अमेरिकेतील अनुभव : आरशाचा नियम निमित्त ठरतो तेव्हा

या प्रश्नाची दुसरी बाजू अमेरिकेत प्रकर्षाने दिसते. तेथील अनेक राज्यांत आरशाला वस्तू लटकविणे हे वाहन थांबविण्यास पुरेसे कारण मानले जाई. रेन विरुद्ध अमेरिका या १९९६ च्या निर्णयात तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, वाहतूक नियमाचे उल्लंघन प्रत्यक्ष घडले असेल, तर थांबविण्यामागील अधिकाऱ्याचा अंतस्थ हेतू गौण ठरतो. याचा परिणाम असा झाला की, शस्त्र वा अमली पदार्थ शोधण्यासाठी किरकोळ त्रुटींचा निमित्त म्हणून वापर होऊ लागला. कृष्णवर्णीय नागरिकांवर त्याचा भार अधिक पडतो, अशी तक्रार तेथे सातत्याने होत आली आहे. एप्रिल २०२१ मध्ये मिनेसोटा राज्यात डॉन्टे राइट या वीस वर्षांच्या युवकाचा अशाच प्रसंगी पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला. नोंदणीची मुदत संपलेली असणे आणि आरशाला सुगंधी वस्तू लटकविलेली असणे ही कारणे त्या वेळी पुढे आली होती. व्हर्जिनिया राज्याने मार्च २०२१ पासून केवळ लटकविलेल्या वस्तूसाठी वाहन थांबविण्यास मनाई केली.

आपल्याकडील कलम २३ इतके व्यापक आहे की, भारतीय पोलिसांना आरशाचे निमित्त शोधण्याची कायद्याने गरजच नाही. म्हणूनच तो अधिकार विवेकाने वापरला जाणे अधिक महत्त्वाचे ठरते. एखाद्या वस्तीतील, पेहरावातील वा परप्रांताची क्रमांकपट्टी असलेल्या वाहनांनाच सतत लक्ष्य केले गेले, तर नाकाबंदीवरील जनतेचा विश्वास उडतो आणि खऱ्या माहितीचा ओघही आटतो.

६. प्रामाणिक परवानाधारकाची अडचण

बेकायदा शस्त्र नेणाऱ्याचा प्रश्न सोपा आहे, तो गुन्हेगार आहे. खरी अडचण होते ती कायदा पाळू इच्छिणाऱ्या, परंतु त्यातील बारकावे ठाऊक नसलेल्या मनुष्याची. अशा उल्लंघनांचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) मुदत : २०१९ च्या सुधारणेनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली असून एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात. नूतनीकरणाविना राहिलेल्या परवान्यावर शस्त्र नेणे धोक्याचे आहे.

(आ) क्षेत्र : परवाना जिल्हा, राज्य वा संपूर्ण देश यांपैकी कोणत्या क्षेत्रासाठी वैध आहे, हे त्यावर नमूद असते. जळगाव जामोदहून बुऱ्हाणपूरकडे जाताना राज्याची सीमा ओलांडली जाते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

(इ) दुसऱ्याच्या हाती शस्त्र : वडिलांची बंदूक मुलाने दुरुस्तीसाठी वा नूतनीकरणासाठी नेणे ही ग्रामीण भागातील नित्याची गोष्ट आहे. कलम ३ च्या परंतुकानुसार परवानाधारकाच्या उपस्थितीत अथवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने असे नेता येते. पण ‘लेखी’ या एका शब्दाकडे दुर्लक्ष झाले की मुलावर विनापरवाना शस्त्राचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

(ई) विसरलेले काडतूस : वाहनाच्या कप्प्यात वा पिशवीत राहून गेलेले काडतूसही शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. मात्र गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) आणि संजय दत्त विरुद्ध राज्य (१९९४) या निर्णयांनुसार ‘ताबा’ याचा अर्थ जाणीवपूर्वक ताबा असा आहे. वस्तू जवळ असल्याचे ज्ञानच नसेल, तर गुन्हा सिद्ध होत नाही. तथापि हे सिद्ध होईपर्यंतचा मनस्ताप व खर्च टळत नाही.

(उ) मनाई आदेश : महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (१) खाली शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले आदी बाळगण्यास ठरावीक काळासाठी मनाई केली जाते. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र जमा करावे लागते. असा आदेश निघाला असताना केवळ परवाना जवळ असणे पुरेसे ठरत नाही.

(ऊ) स्थळ : जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या विशेष अनुमतीशिवाय शस्त्र यात्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात नेता येत नाही, अशी अट परवान्यावरच असते. परवान्याच्या अटींचा भंग कलम ३० खाली दंडनीय आहे.

यांतील शेवटची अट महाविद्यालयांशी थेट निगडित आहे. स्वसंरक्षणासाठी परवाना घेतलेला पालक वा पाहुणा शस्त्रासह महाविद्यालयाच्या आवारात येऊ शकत नाही. याउलट राष्ट्रीय छात्र सेनेच्या सदस्याने कर्तव्याचा भाग म्हणून शस्त्र बाळगल्यास कलम ४५ ने त्यास सूट दिली आहे. ही सूट कर्तव्यापुरतीच असून वैयक्तिक नाही. नेमबाजीच्या सरावातील ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीस परवाना लागत नाही. परंतु दुरून ती खऱ्या बंदुकीसारखीच दिसते. स्पर्धेसाठी संघ नेताना खरेदीची पावती, खेळाडूंचे ओळखपत्र व प्राचार्यांचे पत्र सोबत ठेवल्यास नाकाबंदीवरील गैरसमज टळतो.

निष्कर्ष व सूचना

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, आरसा, काच व क्रमांकपट्टी यांचे नियम मूलतः अपघात टाळण्यासाठी आहेत. तथापि शस्त्र नेणाऱ्याच्या बाबतीत त्यांना दुहेरी महत्त्व प्राप्त होते. सुस्थितीतील वाहनाला थांबविण्याचे कारण कमी उरते. तरीही ते थांबविले गेले, तर कागदपत्रे आणि स्पष्टवक्तेपणा हीच नागरिकाची ढाल ठरते. नजर चुकविण्याच्या प्रयत्नाने मात्र प्रामाणिक माणूसही कलम २० व २६ च्या संशयाच्या छायेत जातो.

या अनुषंगाने पुढील सूचना कराव्याशा वाटतात. प्रवासापूर्वी आरसे, दिवे, क्रमांकपट्टी, विमा व पीयूसी प्रमाणपत्र तपासावे आणि आरशाला लटकविलेल्या वस्तू काढाव्यात. शस्त्र रिकामे करून पेटीत ठेवावे, काडतुसे वेगळी ठेवावीत आणि मूळ परवाना जवळ बाळगावा. वाहन थांबविल्यास इंजिन बंद करून हात दिसतील असे ठेवावेत, शस्त्र असल्याचे प्रथम तोंडी सांगावे आणि सांगितल्याशिवाय त्यास हात लावू नये. पोलीस प्रशासनाने नाकाबंदीवरील कर्मचाऱ्यांना कलम १९, २० व २३ यांतील भेदाचे प्रशिक्षण द्यावे आणि झडतीच्या चित्रणाची तरतूद कटाक्षाने पाळावी. महाविद्यालयांनी रस्ता सुरक्षा सप्ताहात आरशाच्या नियमासोबतच शस्त्र कायद्याची प्राथमिक माहितीही विद्यार्थ्यांना द्यावी. वाढदिवशी तलवारीने केक कापण्याचे फॅड गावोगावी पसरत असताना ही बाब अधिकच निकडीची आहे. नऊ इंचांहून लांब पात्याचे असे हत्यारही शस्त्र कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, हे गुन्हा दाखल होईपर्यंत त्या विद्यार्थ्याला कोणी सांगितलेलेच नसते. ते वेळीच सांगणे हे शिक्षकाचे काम आहे.